‘मला काही चढलेली नाही!’

बैठक संपत आली की एक वाक्य हमखास ऐकू येते. ‘मला काही चढलेली नाही, मी नीट चालवतो.’ हळदीच्या मांडवामागे, गटारीच्या सहलीत, महामार्गावरच्या ढाब्यावर, ऑफिसच्या पार्टीनंतर पार्किंगमध्ये, सगळीकडे वाक्य हेच असते. असे म्हणणारा माणूस बहुतेक वेळा खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच तसे वाटत असते आणि धोका नेमका इथेच आहे. आपण गाडी चालवण्याच्या स्थितीत आहोत की नाही, हे ठरवायचे काम मेंदूच्या ज्या भागाकडे असते, त्याच भागावर दारूचा परिणाम अगदी सुरुवातीला होतो. हात थरथरण्याच्या किंवा पाय अडखळण्याच्या कितीतरी आधी माणसाची स्वतःबद्दलची पारख बिघडलेली असते.

म्हणूनच ‘प्यायल्यावर बघू, जमले तर चालवू’ हा विचार मुळातच फसवा ठरतो. ‘बघायची’ वेळ येते तेव्हा बघणारा शुद्धीवर असला, तरी पूर्वीसारखा राहिलेला नसतो.

पहिल्या घोटानंतर

दारूतील मद्यार्क, म्हणजे इथेनॉल, हा अगदी लहान आकाराचा रेणू आहे. तो पाण्यात सहज मिसळतो आणि पेशींच्या आवरणातूनही आरपार जातो. अन्नाप्रमाणे त्याला पचण्याची वाट पाहावी लागत नाही. थोडा जठरातून आणि बराचसा लहान आतड्यातून तो थेट रक्तात शिरतो. अनेक विषारी पदार्थांना मेंदूच्या दारातच अडवणारी एक संरक्षक व्यवस्था शरीरात असते, पण इथेनॉल तिलाही जुमानत नाही. त्यामुळे रिकाम्या पोटी घेतलेल्या दारूचा परिणाम काही मिनिटांतच जाणवू लागतो आणि साधारण अर्ध्या ते एका तासात रक्तातील प्रमाण कमाल पातळीला पोहोचते. पोटात जेवण असेल तर ही चढण संथ होते, इतकेच.

मेंदूत संदेशांना लगाम घालणारे ‘गाबा’ नावाचे रसायन असते आणि संदेशांना चालना देणारे ‘ग्लुटामेट’ असते. मद्यार्क पहिल्याचा प्रभाव वाढवतो आणि दुसऱ्याचा कमी करतो. थोडक्यात, ब्रेक घट्ट होतो आणि अ‍ॅक्सिलरेटर ढिला पडतो. मग माणूस सुस्त होण्याऐवजी आधी मोकळा, बोलका आणि धीट का होतो? याचे कारण असे की कपाळामागचा, संयम आणि विवेक सांभाळणारा भाग मंदावतो. ‘हे करू नकोस’ असे बजावणारा आतला आवाज क्षीण होतो. त्या वेळी अंगात आलेली धिटाई म्हणजे कमी झालेली सावधगिरी असते.

पुढे प्रमाण वाढत जाते तसा तोल आणि हालचालींचा मेळ राखणारा लहान मेंदू प्रभावित होतो. पण गाडी चालवण्याच्या दृष्टीने नुकसान त्याआधीच सुरू झालेले असते. वाहन चालवताना एकाच वेळी अनेक गोष्टींवर लक्ष ठेवावे लागते. समोरच्या ट्रकचे ब्रेकलाइट, आरशातून दिसणारी दुचाकी, दुभाजकाच्या फटीतून रस्ता ओलांडणारा माणूस, स्वतःचा वेग, हे सारे एकदम पाहायचे असते. असे विभागलेले लक्ष मद्यार्काच्या अगदी कमी प्रमाणातही ढासळते. नजर समोरच्या एकाच बिंदूवर खिळू लागते आणि कडेच्या हालचाली निसटतात. समोरून येणाऱ्या दिव्यांच्या झोतातून डोळे सावरायला वेळ लागतो.

प्रतिसादाला होणारा उशीर कसा महागात पडतो, हे साध्या गणितातून कळते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात १६ मीटरहून अधिक अंतर कापते. ब्रेकवर पाय जायला अर्धा सेकंद उशीर झाला, तर गाडी आठ मीटरहून जास्त पुढे गेलेली असते. शहरातल्या रस्त्यावर आठ मीटर म्हणजे झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडे थांबणे आणि त्यावरून जाऊन थांबणे यातला फरक.

एक पेग म्हणजे किती?

भारतात कायद्याने वाहनचालकासाठी घातलेली मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्यार्क. युरोपातील बहुतेक देशांत ही मर्यादा ५० मिलिग्रॅम आहे, तर इंग्लंडमध्ये १९६७ पासून ८० आहे. स्वीडनमध्ये ती २० आहे. म्हणजे आपली मर्यादा जगातील कडक मर्यादांपैकी एक म्हणावी लागेल. पण ती ओलांडायला किती दारू पुरते, याचा अंदाज फार थोड्या जणांना असतो.

स्वीडनचे रसायनतज्ज्ञ एरिक विडमार्क यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात यासाठी एक सूत्र मांडले. मद्यार्क शरीरातील पाण्यात पसरतो, म्हणून किती ग्रॅम पोटात गेला आणि शरीरात त्याला पसरायला किती जागा आहे, यावरून रक्तातील प्रमाणाचा अंदाज बांधता येतो. आजही हेच सूत्र वापरले जाते.

आपल्याकडे मिळणाऱ्या व्हिस्की किंवा रममध्ये साधारणपणे ४२.८ टक्के मद्यार्क असतो. बारमधला ‘लार्ज’ म्हणजे ६० मिलिलिटर. त्यात सुमारे २० ग्रॅम मद्यार्क जातो. ७० किलो वजनाच्या पुरुषाने तो रिकाम्या पोटी पटकन घेतला, तर रक्तातील पातळी ४० मिलिग्रॅमच्या आसपास जाऊ शकते. म्हणजे एका लार्ज पेगमध्येच कायद्याची मर्यादा मागे पडते. स्त्रियांच्या शरीरात वजनाच्या तुलनेत पाण्याचे प्रमाण कमी असते. त्यामुळे ५५ किलो वजनाच्या स्त्रीच्या बाबतीत ३० मिलिलिटरचा ‘स्मॉल’सुद्धा पातळी तिशीच्या पुढे नेऊ शकतो.

‘मी फक्त बिअर घेतली’ हे दुसरे लाडके वाक्य. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत जवळजवळ ४१ ग्रॅम मद्यार्क असतो. म्हणजे एक बाटली आणि दोन लार्ज पेग यांत मद्यार्काच्या हिशेबाने काहीच फरक नाही. फरक आहे तो पाण्याचा आणि चवीचा. रक्त आणि मेंदू बाटलीवरचे लेबल वाचत नाहीत. हातभट्टीच्या दारूचा तर हिशेबच मांडता येत नाही, कारण तिच्यात मद्यार्क किती आणि इतर काय काय, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

ही सारी गणिते अंदाजाची आहेत. वय, जेवण, पिण्याचा वेग, यकृताची स्थिती आणि घेतलेली औषधे यांनुसार आकडे वर-खाली होतात. त्यामुळे हा हिशेब ‘किती घेतली तर चालवता येईल’ हे ठरवण्यासाठी वापरू नये. अगदी थोडक्यात मर्यादा ओलांडली जाते, एवढेच त्यातून समजून घ्यायचे.

मर्यादेच्या आत असलेला माणूस सुरक्षित आणि पलीकडचा धोकादायक, अशी सरळ विभागणीही नसते. प्रमाण वाढते तशी जोखीम आधी हळूहळू आणि मग एकदम उसळी घेते. अमेरिकेतील अभ्यासांनुसार ८० मिलिग्रॅमच्या पातळीला अपघाताची शक्यता न प्यायलेल्या चालकाच्या सुमारे अडीच ते तीन पट होते. १५० मिलिग्रॅमला ती वीसपटीच्या पुढे जाते.

उतरवण्याचे घरगुती उपाय

चढली तर उतरवायची कशी, याचे उपाय प्रत्येक कट्ट्यावर मिळतात. लिंबूपाणी, कडक कॉफी, ताक, थंड पाण्याची आंघोळ, घशात बोट घालून उलटी, खिडकी उघडून गार वारा. यांपैकी एकाही उपायाने रक्तातला मद्यार्क लवकर कमी होत नाही. उलटी केली तरी जे रक्तात गेले ते गेलेच. कॉफीने झोप थोडी पळते, पण निर्णयशक्ती परत येत नाही. झोपाळू मद्यपी जागा मद्यपी होतो, एवढाच बदल. किंबहुना तरतरी वाटल्यामुळे किल्ली हातात घेण्याचा मोह वाढतो.

शरीरात गेलेल्या मद्यार्काची विल्हेवाट नव्वद टक्क्यांहून अधिक यकृतच लावते. उरलेला थोडा भाग श्वास, लघवी आणि घामावाटे बाहेर पडतो. यकृतातील विकरे मद्यार्काचे आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड आणि मग अ‍ॅसिटेटमध्ये रूपांतर करतात. या कामाचा वेग जवळजवळ ठरलेला असतो. सर्वसाधारण माणसात रक्तातील पातळी तासाला साधारण १५ मिलिग्रॅमने उतरते. काहींची थोडी हळू, काहींची थोडी जलद. दारू जास्त प्यायली म्हणून यकृत जास्त जोमाने काम करीत नाही. रेशनच्या रांगेत माणसे वाढली तरी खिडकी एकच असावी, तसे हे आहे.

याचा परिणाम दुसऱ्या दिवशी सकाळी दिसतो. रात्री दहाला बसलेल्या ७० किलो वजनाच्या माणसाने चार लार्ज घेतले, तर त्या साऱ्या मद्यार्काचा निपटारा व्हायला अकरा तासांहून अधिक वेळ लागतो. रात्री एकला झोपून तो सकाळी सहाला उठला, तरी त्याच्या रक्तात ५० मिलिग्रॅमच्या आसपास मद्यार्क शिल्लक असू शकतो. आंघोळ झालेली, चहा झालेला, तोंडाला वासही फारसा नाही, आणि तरीही कायद्याच्या आणि विज्ञानाच्याही दृष्टीने तो मद्याच्या अमलाखालीच गाडी चालवत असतो. एक जानेवारीच्या सकाळी देवदर्शनाला किंवा कोकणात निघणाऱ्यांनी हा हिशेब जरूर मांडावा. झोपेमुळे वेळ जातो म्हणून पातळी उतरते, झोपल्यामुळे ती लवकर उतरत नाही.

‘आता उतरली’ ही भावनाही विश्वासार्ह नसते. रक्तातील पातळी चढत असताना माणसाला नशा जास्त जाणवते. तीच पातळी उतरताना असेल, तेव्हा तो स्वतःला बराच सावरलेला समजतो. ब्रिटिश संशोधक एडवर्ड मेलनबी यांनी १९१९ मध्ये या गोष्टीकडे लक्ष वेधले होते. नंतरच्या प्रयोगांत असेही दिसले की उतरत्या टप्प्यात माणसाला बरे वाटते, पण त्याच्या चुका त्या प्रमाणात कमी झालेल्या नसतात. नेहमी पिणाऱ्यांचेही तसेच. सवयीमुळे त्यांची जीभ अडखळत नाही, पाय लटपटत नाहीत. मात्र रक्तातील आकडा तोच असतो आणि अचानक समोर आलेल्या प्रसंगाला तोंड देण्याची क्षमता कमी झालेलीच असते. ‘रोजचा आहे तो, त्याला काही होत नाही’ हे प्रशस्तिपत्र म्हणूनच घातक आहे.

त्यात जागरणाची भर पडली की धोका आणखी वाढतो. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवून दिले की सलग १७ तास जागा असलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ५० मिलिग्रॅम मद्यार्क असल्याइतकी घसरते. सकाळी सातला उठलेला माणूस मध्यरात्री पार्टीतून निघतो, तेव्हा त्याने फारशी घेतली नसली तरी मेंदू आधीच थकलेला असतो. सर्दी-अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्या, झोपेची किंवा चिंतेवरची औषधे चालू असतील तर थोडीशी दारूही गुंगी कितीतरी वाढवते.

फुंकर आणि कायदा

नाकाबंदीत पोलीस जे यंत्र तोंडासमोर धरतात, ते वास ओळखत नाही. फुप्फुसांत रक्त आणि हवा एकमेकांच्या अगदी जवळ येतात आणि रक्तातील मद्यार्काचा ठरावीक अंश हवेत उतरतो. खोलवरच्या श्वासातील मद्यार्क मोजून रक्तातील प्रमाण काढण्याची ही पद्धत अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या पोलीस दलात काम केलेले रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनी १९५४ मध्ये सोप्या यंत्राच्या रूपात आणली. वेलची, पान, बडीशेप किंवा पुदिन्याची गोळी तोंडाचा वास झाकते. फुप्फुसातून येणारा मद्यार्क त्याने झाकला जात नाही. मद्यार्क असलेल्या माउथवॉशने मात्र काही मिनिटे आकडा चुकीचा वाढू शकतो. त्यामुळे शंका असल्यास सुमारे पंधरा मिनिटांनी पुन्हा चाचणी घेणे योग्य ठरते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार मद्याच्या अमलाखाली वाहन चालवल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पुन्हा तोच गुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही. १ सप्टेंबर २०१९ पासून हे वाढीव दंड लागू झाले, त्याआधी पहिल्या गुन्ह्याचा दंड दोन हजारांपर्यंतच होता. सबळ कारणाशिवाय चाचणीला नकार दिला, तर तो नकारही न्यायालयात विरोधात जाऊ शकतो. आणखी एक तरतूद फारशी कुणाला माहीत नसते. कलम १८८ नुसार या गुन्ह्याला प्रोत्साहन देणाऱ्यालाही तीच शिक्षा होऊ शकते. प्यायलेल्या मित्राच्या हातात आग्रहाने किल्ली देणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून मागताना विमा कंपनी दावा नाकारू शकते, ते वेगळेच.

रक्त तपासणीत वेळेला फार महत्त्व असते. दर तासाला पातळी उतरत असल्यामुळे नमुना जितका उशिरा घेतला जाईल, तितका पुरावा विरत जातो. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगर येथे भरधाव मोटारीच्या धडकेत दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. त्या प्रकरणात अल्पवयीन चालकाच्या रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप झाला आणि डॉक्टरांनाही अटक झाली. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. मात्र एका छोट्या नळीतील रक्तावर किती काही अवलंबून असते, हे त्यानिमित्ताने सर्वांच्या लक्षात आले.

मरतो कोण?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा जीव गेला. म्हणजे दर तासाला १९ माणसे. यातील मद्य किंवा अमली पदार्थांच्या अमलामुळे झालेले मृत्यू जेमतेम अडीच टक्के नोंदले गेले आहेत, तर ७१ टक्के मृत्यूंच्या नोंदीत कारण आहे अतिवेग. हे वाचून दारूचा प्रश्न किरकोळ वाटू शकतो. पण अशा नोंदीत एकच मुख्य कारण लिहिले जाते. दारूने भीड चेपली म्हणून कोणी गाडी शंभरच्या पुढे नेली, तर ते मरण वेगाच्या खात्यात जमा होते. मृत्युमुखी पडलेल्या किंवा पळून गेलेल्या चालकाची वेळेवर चाचणी झाली नाही, तर दारूची नोंद होतच नाही.

त्याच वर्षी मरण पावलेल्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते आणि १९ टक्क्यांहून अधिक पायी चालणारे. मोटारीत बसलेल्यांना निदान पत्र्याचे आवरण, पट्टा आणि एअरबॅग असते. रस्त्यावर चालणाऱ्याला काहीच नसते. नोव्हेंबर २००६ मध्ये मुंबईतील कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांवर गाडी चढून सात जण ठार झाले. प्यायलेल्या चालकाची तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये कायम केली. ‘माझा जीव, माझी दारू’ हा युक्तिवाद रस्त्यावर लागू होत नाही, कारण त्या मजुरांनी दारू पिण्याचा किंवा गाडीत बसण्याचा निर्णय घेतलेला नव्हता.

कशाने फरक पडतो?

केवळ शिक्षा वाढवून प्रश्न सुटत नाही. पकडले जाण्याची खात्री अधिक परिणाम करते, हे अनेक देशांत दिसून आले आहे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने डिसेंबर १९८२ मध्ये कुठल्याही चालकाला, संशय असो वा नसो, थांबवून श्वासचाचणी करण्यास सुरुवात केली आणि जीवघेणे अपघात लक्षणीय प्रमाणात घटले. जपानने २००७ मध्ये कायदा कडक करताना प्यायलेल्याला गाडी देणारा, गाडी चालवणार हे ठाऊक असून त्याला दारू पाजणारा आणि जाणूनबुजून त्याच्या गाडीत बसणारा, या सर्वांना जबाबदार धरले. तिथे ‘दाइको’ ही सेवाही रुळलेली आहे. ग्राहकाने फोन करायचा, दोन चालक येतात, एक ग्राहकाची गाडी चालवत त्याला घरी सोडतो आणि दुसरा आपली गाडी घेऊन मागून येतो. गाडी रात्रभर बाहेर ठेवायची नाही म्हणून चालवण्याचा मोह होतो, त्यावर हा व्यवहारी तोडगा. आपल्याकडेही मोठ्या शहरांत ताशी दराने चालक मिळतात.

मुंबईत वाहतूक पोलिसांच्या रात्रीच्या नाकाबंदीने गेल्या दीड-दोन दशकांत एक सवय रुजवली आहे. ‘आज पकडतील’ या धास्तीने का होईना, टॅक्सीने जाणारे वाढले. पण ही धास्ती ३१ डिसेंबरपुरती आणि शहरापुरती राहिली, तर गावाकडच्या रस्त्यावर, तालुक्याच्या बाजारातून परतताना किंवा वरातीनंतर मोटारसायकलवर निघताना काही उपयोग नाही. तिथे रात्री रिक्षाही मिळत नाही. म्हणून तिथे व्यवस्था घरच्यांनी आणि यजमानांनीच करायची असते.

ती फार अवघड नाही. बाहेर पडतानाच चौघांतला कोण पिणार नाही हे ठरवायचे आणि किल्ली त्याच्याकडे द्यायची. ‘तू कमी घे आणि चालव’ हे चालणार नाही, त्याने घ्यायचीच नाही. कुणीच तसा नसेल तर गाडी घरी ठेवायची. हळदीला दारू ठेवणाऱ्या घराने अंथरुणांचीही सोय ठेवावी. पाण्याचे जग, भरपूर जेवण आणि ‘नको’ म्हणणाऱ्याला आग्रह न करण्याचे भान, हेही पाहुणचारातच येते. प्यायलेल्याशी तात्त्विक वाद घालण्यात अर्थ नसतो, कारण वाद घालणारा भागच त्या वेळी सुस्त असतो. ‘चल, मी सोडतो, गाडी उद्या आणू’ असे म्हणत किल्ली आधीच बाजूला करणे जास्त उपयोगी पडते. दुचाकीवर त्याला मागे बसवून नेणेही धोक्याचे, कारण तोल गेला की दोघेही पडतात. आणि जो शुद्धीवर आहे, त्याने हेल्मेट घालायला विसरू नये. अनेक अभ्यासांच्या एकत्रित निष्कर्षानुसार हेल्मेटमुळे डोक्याला इजा होण्याचा धोका ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी कमी होतो.

अपघात झालाच तर

प्यायलेल्या जखमी माणसाच्या बाबतीत एक चूक वारंवार होते. ‘दारू जास्त झाली आहे, झोपू द्या’ असे म्हणून त्याला तसेच ठेवले जाते. कवटीच्या आत रक्तस्राव होत असेल तर सुरुवातीला माणूस बोलतो, चालतो आणि काही तासांनी खालावत जातो. बरळणे, गुंगी, उलटी ही लक्षणे दारूचीही असतात आणि डोक्याला मार लागल्याचीही. दोन्हींतला फरक घरी बसून ओळखता येत नाही. डोक्याला मार लागला असेल आणि पोटात दारू असेल, तर रुग्णालयात नेणे हाच नियम समजावा. वारंवार उलट्या, झटके, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणे, कानातून किंवा नाकातून रक्त वा पाण्यासारखा द्रव येणे, हाक मारल्यावर जागे न होणे, यांपैकी काहीही दिसले तर एक क्षणही दवडू नये. डॉक्टरांना दारूची माहिती लपवू नये. भूल देताना आणि औषधे निवडताना ती माहिती जीव वाचवू शकते.

राज्यात रुग्णवाहिकेसाठी १०८, कोणत्याही आपत्कालीन मदतीसाठी ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक आहेत. मदत करणाऱ्याला पोलीस ठाण्याच्या खेपा घालाव्या लागतील ही भीती आता बाळगण्याचे कारण नाही. मोटार वाहन कायद्यातील कलम १३४अ ने चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला दिवाणी आणि फौजदारी कारवाईपासून संरक्षण दिले आहे, आणि आपले नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

कार्यक्रम आटोपून निघणाऱ्याला आपल्या घरांत ‘पोचलास की फोन कर’ असे सांगण्याची पद्धत आहे. त्यात काळजी असते, पण ती गाडी सुरू झाल्यावरची असते. तीच काळजी थोडी आधी, पाहुणा आल्या आल्या विचारायला हवी, ‘परत कसा जाणार आहेस?’ त्या वेळी ग्लास अजून भरलेला नसतो आणि उत्तर देणारा मेंदू पूर्ण शुद्धीवर असतो.